गल्लीतलं शेवटचं घर

नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे. मुसलमान गल्लीपासून ते लांबही नाही. मधे शाळेचं मैदान आणि एक नाला, एवढंच अंतर. तरी त्या गल्लीतल्या बाया दिवस राहिले तरी तिथं जात नव्हत्या. कारण विचारलं तर प्रत्येकीकडं वेगळं निघायचं. तपासणीच्या खोलीला पडदा नाही. एकीला सगळ्यांसमोर कुणीतरी विचारलं होतं, "अजून किती करणार?" एकीला बुरखा काढून बस म्हणाले आणि दार मात्र सताड उघडं ठेवलं. मोठं भांडण असं कुठलंच झालं नव्हतं. लहान लहान अपमान साठत गेले आणि बायांनी ती वाट सोडली. मग बाळंतपणं घरात होऊ लागली, आणि अडलं की जीव मुठीत धरून नांदेडकडं पळापळ.

लातूरहून समाजकार्याची पदवी घेऊन मी परत आले तेव्हा एका लहान संस्थेत मला याच कामाची नोकरी लागली. ही गल्ली, शेजारची आमची बौद्ध वस्ती आणि सरकारी दवाखाना यांना एका सतरंजीवर बसवायचं. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. आईबाप दोघंही बांधकामावर जायचे. मला लातूरला पाठवलं ते आमच्या गुरुजींनी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि वस्तीतल्या विहाराची सगळी व्यवस्था बघणारे. वसतिगृहाचा अर्ज त्यांनीच भरला, एसटीत माझ्या शेजारी बसून लातूरपर्यंत आले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "हिला इंग्रजीची भीती वाटते. पण ही पळून जाणार न्हाई." त्या एका वाक्यामुळं मला पळून येता आलं नाही. आज माझं जे काही आहे त्यात गुरुजींचा हात आहे, आणि पुढं जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्यावं.

कित्येक महिने नुसतं बोलणंच चाललं होतं. गल्लीतल्या मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, मंडप डेकोरेशनचा धंदा करतात. आमच्या वस्तीतल्या लग्नांनाही त्यांचाच मंडप असतो. ते म्हणाले, "लेडी डॉक्टर आणा. पडद्याचं माझ्यावर सोडा. कनाती माझ्याकडं ढीगभर हायत." गुरुजी म्हणाले, "विहाराचं सभागृह देतो. पंखे हायत, पाणी हाय." उपकेंद्राच्या नर्सबाई सुरुवातीला कंटाळल्या होत्या, "त्या येत न्हाईत हो ताई, कशाला घसा कोरडा करून राहिलात" म्हणायच्या. पण त्याही हळूहळू माझ्याबरोबर गल्लीत येऊ लागल्या. नांदेडच्या एक डॉक्टर मॅडम रविवारी तपासणीच्या शिबिराला यायला तयार झाल्या. पहिल्यांदाच असं झालं होतं की कुणी कुणावर उपकार केल्यासारखं बोलत नव्हतं.

शिबिराच्या आदल्या दिवशी नर्सबाई आणि मी गल्लीच्या शेवटच्या घरी गेलो. तिथली सून वयानं माझ्याहून लहान. तिचे आधी दोन गर्भ गेले होते. म्हणून या खेपेला सासूनं, जिला आम्ही खाला म्हणतो, कुणालाच काही कळू दिलं नव्हतं. नजर लागते. सातवा महिना पुरा झाल्यावर ओटी भरायची आणि तेव्हाच काय ते सांगायचं, असं त्या घराचं ठरलं होतं. सूनबाई बाहेर पडतच नव्हती. आम्हाला आत घेतलं तेही मी शब्द दिला म्हणून.

"किसीकू मालूम नई होना, बेटा," खाला म्हणाल्या.

"नाही होणार, खाला."

नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग माझ्याकडं पाहिलं. बीपी फार वाढलेलं होतं. पोरीचा चेहरा सुजलेला होता. खालांना ते गरोदरपणातलं अंग भरणं वाटत होतं. नर्सबाईंनी गोळी दिली, आणि उद्या डॉक्टरांना दाखवायचंच, डोकं दुखलं किंवा डोळ्यापुढं चमकलं तर तेवढंही थांबायचं नाही, असं बजावलं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "हिला झटके आले तर दोन्ही जीव जातील, ताई. उद्या ही आलीच पाहिजे."

मला वाटलं, येईल. सगळं जुळून आलं होतं.

रविवारी सकाळी सदरांचा टेम्पो कनाती घेऊन आला. लाल-पिवळ्या, लग्नातल्या. त्यांच्या पोऱ्यांनी सभागृहात एक आडोसा उभा केला, इतका पक्का की वाऱ्यानंही हलू नये. नर्सबाई आल्या आल्या गुरुजींकडं गेल्या, कारण कोण आधी बसणार आणि कोण नंतर हे तेच बघणार होते. त्यांनी त्या सुनेचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "हिला पहिला नंबर द्या गुरुजी. सातवा महिना हाय, बीपी लई हाय. थांबवू नका." आणि त्या औषधं मांडायला आत गेल्या.

इथं आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं काहीही असलं, पोलिओची लस, शिष्यवृत्ती, रक्तदान, की विहाराच्या भोंग्यावरून नावं पुकारतात. पूर्ण नाव, आधी 'आयुष्मती' किंवा 'आयुष्मान' लावून. आमच्या आज्यापणज्यांना गावात कुणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. अर्धवट, तोडलेली, हिणवणारी नावं असायची. म्हणून गुरुजी प्रत्येक अक्षर सुटं उच्चारतात. माझा दहावीचा निकाल त्यांनी असाच पुकारला होता आणि माझी आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती. आमच्यात नाव पुकारणं म्हणजे मान.

मी पाण्याचा जार उचलत होते तेव्हा भोंगा खरखरला.

"आयुष्मती..." आणि त्या सुनेचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, नाल्यापलीकडं ऐकू जाईल असं. "सातवा महिना, रक्तदाब जास्त. यांनी सर्वप्रथम तपासणीस यावे. संयोजकांनी यांच्यासाठी पहिला क्रमांक राखून ठेवला आहे."

जार माझ्या हातातून सुटला. मी धावत गेले तोवर गुरुजी दुसऱ्यांदा वाचत होते. लोकांनी ऐकलं नसेल म्हणून.

"गुरुजी, बंद करा!"

"का? काय झालं?"

मी बटण दाबलं. ते माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी वर्गात उठून त्यांचा खडू हिसकावला. मी सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. "अगं, पहिला नंबर दिला ना तिला? काही वाईट बोललो का?" मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "मंग आता भोंग्यावरनं माफी मागतो," म्हणत ते पुन्हा माइककडं वळले.

"नको, गुरुजी! पाया पडते, नको!"

नर्सबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी वायरच उपटली.

गल्लीतून कुणीही आलं नाही. आमच्या वस्तीतल्या बाया आल्या, तपासून गेल्या. कनातीचा आडोसा रिकामा होत गेला. डॉक्टर मॅडम घड्याळाकडं बघत नव्हत्या, पण मी बघत होते. दुपारनंतर त्यांना नांदेडला दुसरीकडं जायचं होतं. नर्सबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "माझीच चूक झाली. नाव सांगायला नको होतं." मी म्हणाले, "आत्ता ते राहू द्या. ती पोर कशी आहे ते बघायला पाहिजे."

मी एकटी गल्लीत गेले. दारं बंद नव्हती. नुसती लोटलेली होती, आणि प्रत्येक फटीतून कुणीतरी बघत होतं. शेवटच्या घराचं दार मात्र आतून लावलेलं होतं. मी कडी वाजवली.

"कोन?"

"मी, खाला."

मग दारामागूनच आवाज आला. "जबान दी थी ना तू? किसीकू मालूम नई होने देती बोली थी ना?"

"खाला, चूक झाली. पण तिला..."

"अब कायकू आयी? भोंग्यामें सब बोल दिये. दो गये मेरे घर के. ये भी गया तो तेरे मास्टर को बोल, भोंग्यामें वो भी बोलने को."

मी दाराला तोंड लावून इतकंच विचारलं, "डोकं दुखतंय का तिचं?"

आतून अगदी बारीक आवाज, सासूचा नव्हे: "सुबह से."

"चुप!" खाला म्हणाल्या. आणि आतलं दुसरं दारही लागलं.

मी सदरांच्या दुकानाकडं पळाले. गुरुजी तिथं आधीच पोचले होते. दुकानासमोरच्या बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसले होते. गल्लीतले चारपाच पुरुष उभे होते आणि कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बायांना इहारात न्यायची काय गरज होती? आता घ्या."

सदर मंडपाचे बांबू विनाकारण इकडचे तिकडं रचत होते. "ताई, भोंगा तुमचा, पण कनाती माझ्या हायत. म्हणून लोक मलाच धरून राहिले. मी कुनाच्या दारावर जाऊ आता? गेलो तर म्हणतील, सदरनं आपल्या गल्लीची अब्रू काढली ती काढली, वर दार उघडायला लावलं."

"तिचं डोकं सकाळपासून दुखतंय," मी म्हणाले. "झटका आला तर घरातच जाईल."

गुरुजी उभे राहिले. "मी जातो. त्यांच्या पाया पडतो."

"बसा सर," सदर म्हणाले, रागानं नाही. "तुम्ही तिथं गेलात तर दार सात दिवस उघडणार न्हाई."

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या पडद्यातून सदरांच्या बायको बोलल्या. मी त्यांना भाभी म्हणते. त्या सकाळपासून सगळं ऐकत होत्या. "डॉक्टरनीला एकट्या त्या घरी नेऊ नका. सगळी गल्ली बघत राहील आणि बोलत राहील. माझ्यापासून सुरू करा. माझं बीपी बघा. मंग बाजूचं घर. मंग त्याच्या बाजूचं. शेवटपर्यंत. घरोघरी डॉक्टर फिरून राहिली, त्यात एक घर तिचंही. खाला कुनाकुनाला दार लावंल?"

मी विहारात परत जाऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, ज्या बाईला आत्ता इंजेक्शन लागेल तिच्याकडं मी सगळ्यांत शेवटी जायचं?"

"सरळ गेलात तर दार उघडणार नाही, मॅडम."

"आणि शेवटी गेले तर उशीर झाला असेल तर?"

त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि बॅग उचलली. "चला. भराभर. चहा नाही, बसणं नाही."

ती गल्ली लांब नाही. पण त्या दिवशी तिचं एकेक घर मला डोंगरासारखं वाटलं. भाभींनी दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बघा मॅडम, माझं डोकं रोज गरगरतंय!" मग स्वतःच शेजारच्या घराची कडी वाजवली. "अगे ए, उठ. डॉक्टरनी दारात आली, फुकट. तुझ्या गुडघ्याचं काय ते सांग."

"मला काय झालंय?" शेजारीण म्हणाली.

"जबान लई चालती तुझी, ते दाखव."

आतून हसणं आलं. दार उघडलं. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्या बाईंना सगळंच सांगायचं होतं, दातांपासून. डॉक्टर मॅडम ऐकत होत्या, हो हो म्हणत होत्या, आणि त्यांचा एक पाय मात्र उंबऱ्याबाहेर होता. मी शेवटच्या घराकडं बघायचं टाळत होते. सरबताचे ग्लास येऊ लागले. ते नाकारले तर वाईट दिसलं असतं, म्हणून नर्सबाईंनी सगळ्यांच्या वाटणीचे ग्लास एकटीनं उभ्याउभ्या रिकामे केले. एका घरी एक गरोदर बाई निघाली, जी नर्सबाईंना माहीतच नव्हती. तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या पांढऱ्याफटक होत्या. मॅडमनी तिला तिथंच लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा येते म्हणाल्या. माझ्या मनात मात्र एकच होतं, पुढं चला.

शेवटचं घर आलं. भाभींनी हाक मारली नाही. त्या दारापुढच्या पायरीवर बसल्या आणि नुसत्या म्हणाल्या, "आपा, सगळ्यांचं बघून झालं. तुमच्या शुगरचं राह्यलं."

कडी निघाली.

खाला दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी गल्लीकडं पाहिलं. प्रत्येक दार उघडं होतं, प्रत्येकीच्या हातात गोळ्यांची पुडी होती, जिला तिला आपल्याच दुखण्याची पडली होती. मग त्यांनी डॉक्टर मॅडमना वाट दिली. मला नाही. मी बाहेरच थांबले.

आतून मॅडमचा आवाज येत होता. "डोळ्यापुढं चमकतंय? कधीपासून?" मग नर्सबाई बाहेर आल्या, तोंड पांढरं पडलेलं. "इंजेक्शन दिलंय. नांदेडला न्यावं लागंल. आत्ता. एकशे आठ बोलवा."

मी फोन काढला तर खाला दारात आल्या. "वो भोंगा बजाके आती ना गाडी? नई. मेरी बहू उस गाडी में नई जाती."

मी सदरांना हाक मारली. त्यांनी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी मागं लावला. सकाळी विहारात उभारलेल्या कनाती पोऱ्यांनी उतरवून आणल्या होत्याच. त्या टेम्पोच्या दोन्ही बाजूंनी बांधल्या. मधे गादी टाकली. अँब्युलन्स शाळेच्या मागं, मोठ्या रस्त्यावर थांबवायची आणि भोंगा वाजवायचा नाही, हे कुणीतरी फोनवर समजावायला हवं होतं. दुकानापुढून उठून आलेल्या गुरुजींनी माझ्या हातातून फोन घेतला. आयुष्यभर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारे आमचे गुरुजी भिंतीकडं तोंड करून इतक्या हळू बोलले की शेजारी उभी राहूनही मला शब्द ऐकू आले नाहीत.

सूनबाई बुरख्यात, भाभी आणि खालांच्या मधे, पायांकडं बघत टेम्पोत चढली. शाळेमागं अँब्युलन्स मुकाट उभी होती.

मला बरोबर घ्यायला खाला तयार नव्हत्या. पण नर्सबाईंना दुसरी गरोदर बाई बघायची होती, डॉक्टर मॅडम त्यांच्या गाडीनं मागून येणार होत्या आणि दवाखान्यात कागद भरायला कुणीतरी हवं होतं. मी तिच्या पायाशी बसले. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला खाला सुनेचं डोकं दोन्ही हातांनी धरायच्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. मी तिच्या बोटांकडं बघत होते. ती आखडली तर झटका, एवढं मला माहीत होतं.

बऱ्याच वेळानं सूनबाईनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "वो सर, मेरे नाम के आगे क्या बोले थे?"

"आयुष्मती."

"मतलब?"

"लांब आयुष्य असलेली."

तिनं डोळे मिटले. खालांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण गाडी पुन्हा आदळली तेव्हा सुनेचे पाय धरायला मला जागा करून दिली.

झटका आला नाही. नांदेडच्या दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. बाळ वेळेआधी काढावं लागलं आणि ते पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होतं. कधी जगेल म्हणायचे, कधी काहीच म्हणायचे नाहीत. शेवटी दोघंही घरी आली. बाळ मुलगा की मुलगी हे मी इथं लिहीत नाही. लोकांना सांगायचं कधी, ते त्या घरानं ठरवलं, आणि त्यांना हवं तेव्हा सांगितलं.

त्या काळात गुरुजी मला रोज रस्त्यात भेटायचे. पहिल्या दिवशी "कशी आहे?" विचारलं. मी "ठीक" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते थांबले, तोंड उघडलं आणि न विचारताच पुढं गेले. नंतर कधीच विचारलं नाही. मी बाळाची बातमी आपणहून सांगितली तेव्हा ते विहाराच्या पायरीवर बसून राहिले. माझ्यासाठी त्यांनी जे केलं त्याचं ऋण कधी फिटणार नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी त्यांना काहीतरी दिलं.

पुढचं शिबिर विहारात झालं नाही आणि उपकेंद्रातही नाही. ते गल्लीत होतं, घरोघरी. भाभींपासून सुरू आणि शेवटच्या घरापर्यंत. आता आमच्या वस्तीतही तसंच फिरतो. डॉक्टर मॅडम कुरकुरतात, वेळ फार जातो म्हणतात, आणि येतात. उपकेंद्राला पडदा बसला. तो सदरांनीच दिला, लाल-पिवळाच.

मधे लसीकरणाच्या दिवशी गुरुजींनी भोंगा लावला आणि एवढंच म्हणाले, "लस आलेली आहे. सर्वांनी यावे." नाव एकाचंही नाही. त्यावर आमच्या वस्तीतल्या दोन बाया विहारात भांडायला आल्या. "गुरुजी, आमच्या पोरांची नावं का न्हाई घेतली? आम्ही काय पाप केलं?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "ह्यांची घ्या की. ह्यांना हवी आहेत."

मग त्यांनी माइक पुन्हा चालू केला आणि वस्तीतल्या लेकरांची नावं पुकारली, सगळी, पूर्ण, आयुष्मान-आयुष्मती लावून, एकेक अक्षर सुटं. शेवटी थोडं थांबले.

"आणि गल्लीतल्या लेकरांसाठी नर्सबाई घरी येत आहेत," असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं.